धार बारीक, वर मुतखडाही: दुर्बिणीच्या उपचारांना जाण्याआधी

मी युरॉलॉजीच्या वॉर्डात ब्रदर आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात. त्याआधीची भीती आणि नंतरची नळी बहुतेक वेळा आमच्या वाट्याला येते. या कामात एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. खडा सोनोग्राफीत दिसतो, त्याचा आकडा लिहून येतो, म्हणून पेशंट आणि घरचे सगळे खड्याच्या मागे लागतात. मूत्रमार्ग अरुंद झालाय हे सोनोग्राफीत सहजासहजी कळत नाही आणि ते मागे राहून जातं. मग खडा काढून घरी गेलेला माणूस काही महिन्यांनी परत येतो, कारण लघवी तुंबत होती ती तशीच तुंबत असते.

पहिल्यांदाच या वाटेला आलेले पुरुष आणि त्यांच्या घरचे, यांच्यासाठी हे लिहितोय. निदान करणं आणि औषध ठरवणं डॉक्टरांचंच काम आहे. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि कशासाठी, एवढं मी सांगू शकतो.

१. आधी नळ्यांची नावं नीट समजून घ्या

दोन नावांत हमखास गोंधळ होतो. किडनीतून मूत्राशयात लघवी आणते ती मूत्रवाहिनी. ती दोन्ही बाजूंना एकेक असते, साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांबीची. मूत्राशयातून लघवी बाहेर नेतो तो मूत्रमार्ग. तो एकच, पुरुषांत साधारण १८ ते २० सेंटीमीटरचा. किडनीतून सुटलेला खडा कळा आणतो तो बहुधा मूत्रवाहिनीत अडकल्यावर. धार बारीक होते ती मात्र बहुधा मूत्राशयाच्या खालच्या अडथळ्यामुळे.

मूत्रमार्ग मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या मधून येतो, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूमधून जातो, मग अंडकोषाच्या मागे जरा रुंद होतो आणि शेवटी शिश्नातून टोकाशी पोचतो. अंडकोषामागच्या रुंद भागाला डॉक्टर बल्बर म्हणतात आणि अरुंदपणा सर्वांत जास्त तिथेच सापडतो. सायकलच्या दांड्यावर किंवा कुंपणावर पाय फाकून पडल्यावर मार बसतो तोही नेमका तिथेच.

अरुंदपणा म्हणजे स्ट्रिक्चर. आतल्या नाजूक अस्तराला इजा होते, ती भरून येताना तिथे व्रणाचं कडक ऊतक तयार होतं आणि ते आवळत जातं. कारणं अनेक आहेत: जुना मार, आधी घातलेली लघवीची नळी, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन, गनोरियासारखा लैंगिक संसर्ग, ओटीपोटाचं हाड मोडणं. शिश्नाच्या टोकावर पांढरट डाग येऊन कातडी घट्ट होत जाणारा लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजारही त्यात येतो. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही.

धार बारीक झाली की प्रोस्टेट वाढलं, असं समजून गोळ्या घेत बसणारे तरुण मी पाहिलेत. प्रोस्टेटची वाढ हा पन्नाशीच्या पुढचा त्रास. तिशीतल्या माणसाची धार बारीक होत असेल तर स्ट्रिक्चरची शंका आधी घ्यायला हवी.

खड्याशी याचा संबंध दोन बाजूंनी येतो. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, उरलेली लघवी साचते, तिला संसर्ग होतो आणि मूत्राशयातच खडा धरतो. दुसरी बाजू अशी, की किडनीतून सुटलेला एरवी सहज पडून गेला असता असा छोटा खडा अरुंद जागेच्या मागे येऊन अडकतो.

२. या गोष्टींना अपॉइंटमेंटची वाट पाहू नका

लघवी पूर्ण तुंबली आणि ओटीपोट फुगून दुखतंय. कळा येतायत आणि सोबत थंडी वाजून ताप. एकच किडनी आहे आणि त्या बाजूला खडा. काही तास लघवीच तयार होत नाही असं वाटतंय. यातलं काहीही असेल तर थेट कॅज्युअल्टी गाठा. खडा, ताप आणि अडथळा एकत्र आले की संसर्ग रक्तात उतरू शकतो. अशा वेळी खडा फोडायची घाई कुणी करत नाही. आधी मूत्रवाहिनीत स्टेंट नावाची बारीक नळी टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून वाट मोकळी करतात, अँटिबायोटिक देतात, आणि खड्याकडे नंतर वळतात. घरच्यांना वाटतं, ऑपरेशनला आणलं आणि नुसती नळीच टाकली. पण त्या वेळी जीव वाचवणारं काम तेवढंच असतं.

खडा शिश्नात येऊन अडकलेला हाताला लागतोय म्हणून पिन, चिमटा, काडी घालू नका. दाबून पुढे ढकलूही नका. त्यानंच अस्तर फाटतं आणि पुढच्या स्ट्रिक्चरची सुरुवात होते.

तुंबलेल्या लघवीसाठी नळी जात नसेल तर जोर लावू नये. अशा वेळी डॉक्टर ओटीपोटावर छोटं छिद्र करून सरळ मूत्राशयात नळी टाकतात. ती दिसायला भीतीदायक वाटते, पण पेशंटला लगेच आराम पडतो आणि मूत्रमार्गाला विश्रांती मिळते.

३. तपासण्या

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर आधी होतं. कल्चरमध्ये जंतू निघाले तर ऑपरेशनआधी अँटिबायोटिक सुरू करावंच लागतं. 'ताप नाही, मग औषध कशाला' असा वाद घालू नका.

युरोफ्लोमेट्री या तपासणीला लोक लाजतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका खोलीत तुम्हाला एकट्याला सोडतात. खाली नरसाळं आणि त्याखाली मोजणारं यंत्र असतं. लघवी चांगली लागली की त्यात करायची, बस. सुई नाही, नळी नाही. यंत्र दर सेकंदाला किती मिलीलीटर लघवी आली त्याचा आलेख काढतं. निरोगी माणसाचा आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो, टोक साधारण १५ मिलीलीटर प्रति सेकंदाच्या वर असतं. स्ट्रिक्चरमध्ये तो थोडासा चढून पठारासारखा सपाट होतो आणि लांबच लांब चालत राहतो, कारण नळी उघडी आहे तेवढीच लघवी येणार, तुम्ही कितीही जोर लावा. निदान १५० मिलीलीटर लघवी झाली नाही तर आकडा भरवशाचा नसतो. म्हणून पाणी पिऊन, थांबून, खरी लागली की मगच आत जा. बाहेर रांग आहे म्हणून घाई करू नका. आणि तो कागद जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

लघवी झाल्याबरोबर सोनोग्राफी करून मूत्राशयात किती उरली ते बघतात.

मग येते डायची एक्स-रे तपासणी, आरजीयू. मूत्रमार्गाच्या तोंडातून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, हळूहळू सोडतात आणि शरीर तिरकं करून एक्स-रे घेतात. थोडी जळजळ होते, दाब जाणवतो, काही मिनिटांत संपतं. पाठोपाठ मूत्राशय डायनं भरून लघवी करतानाचा फोटो काढतात, तो एमसीयू. एकात अरुंद जागेच्या पुढचा भाग दिसतो, दुसऱ्यात मागचा. दोन्ही मिळून नकाशा पूर्ण होतो. त्याशिवाय 'दुर्बीण घालून बघू आणि तिथेच कापून टाकू' असं ठरत असेल, तर आधी फोटो काढता येईल का, हे विचारायला संकोच करू नका.

खड्यासाठी डाय न देता केलेला सीटी स्कॅन सर्वांत खात्रीचा. खडा कुठे, किती मिलीमीटरचा, किती टणक, हे सगळं त्यात कळतं.

४. तीन प्रश्न वहीत लिहून न्या

स्ट्रिक्चर नेमकं कुठे आहे? किती लांबीचं आहे? यावर उपचाराची ही कितवी वेळ आहे?

पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं. बल्बर भागातलं, २ सेंटीमीटरपेक्षा आखूड, पहिलंच, असं स्ट्रिक्चर दुर्बिणीच्या उपचाराला सर्वांत योग्य. शिश्नातल्या भागातलं, लांब, एकाहून जास्त जागी, लायकेन स्क्लेरोससमुळे झालेलं किंवा परत परत आलेलं असेल, तर दुर्बिणीतून कापून फार काळ उपयोग होत नाही. ओटीपोटाचं हाड मोडून मूत्रमार्ग तुटला असेल तर तिथे नुसतं दुर्बिणीतून कापणं हा टिकणारा उपाय नाही.

५. स्ट्रिक्चरचे उपचार

डायलेटेशन म्हणजे क्रमाक्रमानं जाड होत जाणाऱ्या नळ्या किंवा फुगा घालून जागा रुंद करणं. जुन्या काळी धातूची सळई अंदाजानं घालत. आता आधी तार टाकतात आणि तारेवरून नळी सरकवतात, म्हणजे ती भलत्या वाटेनं घुसत नाही.

दुसरा उपचार, ज्याला सगळे 'दुर्बिणीतून कापणं' म्हणतात, तो म्हणजे ऑप्टिकल इंटर्नल युरेथ्रॉटॉमी. १९७०च्या दशकात जर्मनीत ही पद्धत रुळली. पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा दिसत असतो. पुढे गेल्यावर तो एकदम पांढरा होतो आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक उरतं. तेच स्ट्रिक्चर. त्या भोकातून मिलीमीटरपेक्षाही बारीक तार मूत्राशयापर्यंत सरकवतात. ही तार गेली की ऑपरेशन थिएटरमधले सगळे जरा सैल होतात, कारण आता वाट चुकायची भीती नाही. मग छोट्या पात्यानं किंवा लेझरनं, बहुधा घड्याळात बारा वाजतात त्या बाजूला, पांढरा पट्टा कापतात. तो उलगडत जातो आणि मागचा गुलाबी बोगदा दिसू लागतो. बाहेर कुठेही टाका नाही. शेवटी नळी टाकतात. काही गुंतागुंत नसेल तर ती ७२ तासांच्या आत काढता येते. काही डॉक्टर थोडी जास्त ठेवतात.

इथेच थांबून नीट ऐका. पट्टा कापला म्हणजे व्रणाचं ऊतक काढलं असं नाही. ते तिथेच असतं, फक्त उघडलेलं असतं. भरून येताना ते परत आवळू शकतं आणि परत आलं तर बहुधा पहिल्या वर्षभरात येतं. योग्य निवडलेल्या, पहिल्याच वेळच्या पेशंटमध्येही यशाचं प्रमाण साधारण ३५ ते ७० टक्के सांगितलं जातं. दुसऱ्या वेळी ते घसरतं आणि तिसऱ्या वेळेला कायमचं बरं होण्याची आशा जवळपास उरत नाही. दर काही महिन्यांनी येऊन कापून घेणारे लोक मला भेटतात. दर वेळी एक दिवसाचं काम, म्हणून त्यांना ते सोपं वाटतं. पण प्रत्येक कापण्यानं व्रण लांबत आणि खोल होत जाऊ शकतो. पुढे मोठं ऑपरेशन करायची वेळ येते तेव्हा तेही अवघड होऊन बसतं. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण दुसऱ्याच वेळी कुणी विचारलं असतं तर ते टळलं असतं.

अलीकडे औषध लावलेला फुगाही आला आहे. तो फुगवल्यावर पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध अस्तरात मुरतं आणि व्रणाची वाढ मंदावते. ऑप्टिल्यूम नावाच्या अशा फुग्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. परत आलेल्या, ३ सेंटीमीटरपर्यंतच्या बल्बर स्ट्रिक्चरसाठी त्याचा विचार होतो. हे औषध वीर्यात उतरतं, म्हणून त्यानंतर काही काळ निरोध वापरावा लागतो आणि मूल होऊ देणं लांबणीवर टाकावं लागतं. किती काळ, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आणि युरेथ्रोप्लास्टी. हे दुर्बिणीचं नाही, उघडं ऑपरेशन आहे. आखूड स्ट्रिक्चर असेल तर तो तुकडा काढून दोन्ही टोकं जोडतात. लांब असेल तर गालाच्या आतलं अस्तर घेऊन मार्ग रुंद करतात. आखूड बल्बर स्ट्रिक्चरमध्ये अनुभवी हातांत ९० टक्क्यांच्या आसपास पेशंट बरे राहतात. एकदा दुर्बिणीतून करून स्ट्रिक्चर परत आलं, तर 'आता युरेथ्रोप्लास्टी करू या का?' हा प्रश्न तुम्हीच काढा. जे डॉक्टर ती करत नाहीत त्यांनी करणाऱ्यांकडे पाठवणं यात कमीपणा काही नाही.

६. खडा कुठे आहे त्यावर उपाय

मूत्रवाहिनीतला ५ मिलीमीटरपर्यंतचा खडा बरेचदा आपोआप पडतो. त्याहून थोडा मोठा आणि खालच्या टोकाशी असेल तर मूत्रवाहिनी सैल करणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी देऊन काही आठवडे वाट बघतात. १० मिलीमीटरच्या पुढचा आपोआप पडणं अवघड. मग लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून लेझरनं त्याचा चुरा करतात. लेझरची तार खूप बारीक, पाव मिलीमीटरच्या आसपासची असते.

किडनीतल्या २ सेंटीमीटरपर्यंतच्या खड्याला वाकणारी दुर्बीण चालते. त्याहून मोठ्याला पाठीतून छोटं छिद्र करून काढायची पद्धत, पीसीएनएल. तिची पहिली माहिती १९७६ मध्ये छापून आली. बाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडायचं यंत्र १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. त्यात शरीरात काहीच घालावं लागत नाही, म्हणून पेशंट आवर्जून तेच मागतात. पण फुटलेले तुकडे बाहेर पडतात ते लघवीच्याच वाटेनं. खाली स्ट्रिक्चर असेल तर ते तिथे अडकू शकतात. म्हणून खड्याच्या डॉक्टरांना 'माझी धार बारीक आहे' हे न विसरता सांगा.

मूत्राशयातला खडा दुर्बिणीतून फोडून चुरा बाहेर काढतात. तो मोठा असेल तर ओटीपोटातून छिद्र करून काढणं जास्त शहाणपणाचं ठरतं, कारण जाड दुर्बीण मूत्रमार्गात तासभर मागेपुढे करत राहिली तर तिनंच नवीन इजा व्हायची.

मूत्रमार्गातला खडा मागच्या भागात असेल तर हलकेच मूत्राशयात परत ढकलून तिथे फोडतात. पुढे अडकला असेल तर जागेवरच लेझर करतात. अगदी तोंडाशी असेल तर तोंड थोडं रुंद करून काढतात.

७. दोन्ही एकत्र असतील तर क्रम कसा

आधी संसर्ग आटोक्यात आणायचा. मग वाट आणि मग खडा. स्ट्रिक्चर आखूड असेल तर एकाच भुलीत ते उघडून त्याच वाटेनं खडा काढता येतो. लांब किंवा गुंतागुंतीचं असेल तर मूत्रमार्गाला हात न लावता ओटीपोटातून किंवा पाठीतून खडा काढतात आणि युरेथ्रोप्लास्टीची वेळ वेगळी ठरवतात. डिस्चार्जच्या दिवशी एवढं विचारा: 'खडा निघाला, पण तो का झाला त्याचं काय केलं?'

८. ऑपरेशनच्या आधी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, औषधांची ॲलर्जी, छातीत बसवलेला पेसमेकर, हे सगळं आठवडाभर आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. स्टेंट घातलेल्या हृदयाला ते महागात पडू शकतं. घन अन्न साधारण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच पाळा. भूल बहुधा कमरेतून देतात. पाय काही तास जड राहतात.

संमतिपत्रावर सही करण्याआधी वाचा. रक्त येणं, संसर्ग, स्ट्रिक्चर परत येणं, क्वचित ताठरतेवर परिणाम, हे सगळं त्यात असायला हवं. नसेल तर विचारा.

९. नळी घेऊन घरी

मूत्राशयात नळीच्या टोकाशी पाण्यानं भरलेला छोटा फुगा असतो, तो तिला धरून ठेवतो. तो रिकामा न करता नळी ओढली तर अस्तर फाटतं. झोपेत ओढली जाऊ नये म्हणून ती मांडीवर किंवा पोटावर चिकटपट्टीनं बांधून ठेवा. पिशवी कायम कमरेच्या खाली असू द्या, खांद्याला अडकवू नका. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. हात धुऊन, रोज साबण-पाण्यानं नळीच्या तोंडाशी स्वच्छता करा. स्वच्छतेसाठी पुढची कातडी मागे घेतली असेल तर ती आठवणीनं पुढे आणा. मागेच राहिली तर सुजून अडकते आणि मग धावपळ होते.

लघवी गुलाबी येणं, मध्येच ओटीपोटात आवळल्यासारखी कळ येऊन नळीच्या बाजूनं दोन थेंब गळणं, यानं घाबरू नका. पण पिशवीत काहीच येत नाही आणि बाजूनंच गळतंय, गुठळ्या येतायत, किंवा ताप ३८ सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी या.

खड्याच्या ऑपरेशनानंतर आत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीतली ती बारीक नळी, असू शकतो. तो बाहेरून दिसत नाही आणि तिथेच खरा धोका आहे. त्यानं वारंवार लघवी लागते, लघवी करताना कमरेत कळ येते, चालल्यावर लघवीला लाली येते. हे सगळं सहन होण्याजोगं असतं. त्रास कमी झाला की माणसं स्टेंट आहे हेच विसरतात. महिनोन्महिने राहिला तर त्यावरच खडे जमतात आणि तो काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं. काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आठवण लावा.

जड उचलणं आणि संभोग साधारण दोन-तीन आठवडे टाळायला सांगतात. पाणी इतकं प्या की दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हावी. मीठ कमी करा. कॅल्शियम मात्र बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेट या खडा धरवणाऱ्या द्रव्याला आतड्यातच बांधून ठेवतं, ते तोडलं तर ऑक्झलेटचे खडे वाढू शकतात. निघालेला खडा तपासायला पाठवला का, तेही विचारा.

१०. पुढचं वर्ष

नळी निघाल्यावर पहिली धार एकदम जोरात येते आणि लोकांना वाटतं, झालं सगळं. साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी युरोफ्लोमेट्री करून घ्या. युरेथ्रोप्लास्टी झेपणार नसेल किंवा नको असेल, त्यांना स्वतः नळी घालून मार्ग उघडा ठेवायला शिकवतात. पहिल्या दिवशी हात थरथरतात, आठवडाभरात सवय होते. शिकताना लाज धरू नका, आमच्यासाठी ते रोजचंच काम आहे.

प्रत्येक तपासणीला आधीचे आलेख सोबत आणा. नवा कागद जुन्याशेजारी ठेवा. टेकडी पुन्हा पठार होऊ लागली असेल, तर तुम्हाला धार बारीक जाणवण्याच्या आधीच ते कागदावर दिसतं.